आकाशातच उड्डाण, आकाशातच अवतरण

विमानाच्या प्रवासातील सर्वांत कठीण काळ कोणता, असा प्रश्न एखाद्या वैमानिकास केला, तर तो पहिल्या आणि शेवटच्या काही मिनिटांकडे बोट दाखवील. मधला सारा वेळ विमान आपल्या पंखांवर निर्वेधपणे तरंगत असते. जमिनीशी नाते तोडताना आणि ते पुन्हा जोडताना मात्र त्याला लांबच लांब सपाट धावपट्टी लागते, भक्कम चाके लागतात आणि त्या चाकांचे हादरे सोसण्यासाठी सांगाड्यालाही अधिक बळकटी द्यावी लागते. प्रवासी विमानांच्या बाबतीत हा सारा खर्च आपण निमूटपणे मान्य करतो. परंतु वीस-बावीस किलोग्रॅम वजनाचे, वैमानिकरहित असे एखादे छोटे विमान जहाजाच्या डेकवरून, बर्फाळ समुद्रातून किंवा दाट अरण्यातील लहानशा मोकळ्या जागेतून पाठवावयाचे असेल, तर धावपट्टी आणावयाची कोठून?

या प्रश्नाला अलीकडच्या काळात मिळालेले एक उत्तर मोठे विलक्षण आहे. अनेक पंख्यांचा एक ड्रोन त्या विमानाला पोटाशी धरून सरळ वर उचलतो, पुरेशा उंचीवर व वेगावर नेऊन सोडून देतो आणि स्वतः परत येतो. कित्येक तासांनी विमान परतले, की तोच ड्रोन या वेळी एक दोर घेऊन पुन्हा वर जातो. विमान त्या दोरावर येऊन अडकते आणि मग दोरासह त्याला खाली उतरवून घेतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बिंगेन या गावी इन्सिटू ही विमाने बनविणारी कंपनी आहे. तेथून कोलंबिया नदी ओलांडली, की ओरेगन राज्यातील हूड रिव्हर हे गाव लागते. तेथील हूड टेक या तंत्रसंस्थेने घडविलेली ही व्यवस्था इन्सिटूने २०१५ साली आपल्या 'स्कॅनईगल' या विमानासह प्रत्यक्ष उडवून दाखविली. 'फ्लेअर्स' असे तिचे संक्षिप्त नाव असून, उड्डाण आणि अवतरण घडविणारी उडती व्यवस्था, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

कल्पना ऐकताना सोपी वाटते. तिच्यामागे मात्र नव्वदांहून अधिक वर्षांच्या प्रयत्नांचा, आणि त्यांत गेलेल्या माणसांचाही, इतिहास आहे.

पंख आणि पंखे

एका विमानाचे काम दोन यंत्रांत का वाटावयाचे, हे कळण्यासाठी पंख आणि पंखे यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. पुढे सरकणाऱ्या विमानाचा पंख हवेतून कापत जाताना वरच्या दिशेने उचल निर्माण करतो आणि त्याबद्दल हवेच्या रोधाच्या रूपाने थोडी किंमत घेतो. बेताच्या घडणीच्या पंखातही उचल ही रोधाच्या दहापट असू शकते. म्हणजे २० किलोग्रॅम वजनाचे विमान हवेत ठेवण्यासाठी त्याच्या इंजिनाने केवळ २ किलोग्रॅमचा रेटा सतत दिला, तरी पुरते. तेच ओझे एका जागी अधांतरी धरावयाचे, तर फिरत्या पात्यांनी हवा खाली लोटून पूर्ण २० किलोग्रॅमचा रेटा उत्पन्न करावा लागेल. शिवाय ती पाती, त्यांच्या मोटारी आणि बॅटरी यांचे वजन निराळेच.

थोडा हिशेब मांडून पाहू. सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या विमानाला सुमारे अर्धा किलोवॅट उपयुक्त शक्ती लागेल. आता विमान आणि त्याला उचलणारा ड्रोन मिळून ४० किलोग्रॅम वजन आहे, असे धरू. पाऊण मीटर व्यासाच्या चार पंख्यांवर ते अधांतरी धरावयाचे, तर पात्यांतील सर्व हानी सोडून दिली, तरी पावणेचार किलोवॅट शक्ती खर्ची पडते. त्यात भर म्हणजे ड्रोनची शक्ती बॅटरीतून येते, आणि एक किलोग्रॅम पेट्रोलमधील ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीतील ऊर्जेच्या पन्नास पटींहूनही अधिक भरते. इंजिनात पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, हे खरे. तरीही फरक मोठाच उरतो. त्यामुळे स्कॅनईगलसारखे तीन मीटर पंखविस्ताराचे छोटे विमान वीस तास आकाशात राहू शकते, आणि बॅटरीवर चालणारा ड्रोन काही मिनिटांत, फार तर तासाभरात, धापा टाकू लागतो.

परंतु उड्डाणाला आणि अवतरणाला लागतात तीही काही मिनिटेच. जे ओझे काही मिनिटांपुरतेच हवे, ते वीस तास पोटाशी बाळगावयाचे कशाला? ते दुसऱ्या यंत्राकडे सोपवावे आणि तेथेच सोडून जावे, हे या व्यवस्थेचे सारे मर्म होय. चाके नकोत, उचलणारे पंखे नकोत, हादरे सोसणारा जड सांगाडाही नको. वाचलेल्या प्रत्येक किलोग्रॅमच्या जागी इंधन भरावे, नाहीतर कॅमेरा बसवावा.

वायुनौकेखालचा झोका

हा विचार ड्रोनच्या जन्मापूर्वीचा आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने हेलियम वायूने भरलेल्या ॲक्रॉन आणि मेकन या दोन प्रचंड वायुनौका बांधल्या. प्रत्येकीची लांबी २३९ मीटर होती. त्यांच्या पोटात 'स्पॅरोहॉक' जातीची छोटी लढाऊ विमाने ठेवण्याची सोय होती. उड्डाणाच्या वेळी वायुनौकेच्या खाली एक झोका सोडीत. विमान त्या झोक्यावर आपल्या वरच्या पंखावरील आकड्याने लटकत असे. आकडा सुटला, की ते खाली जाऊन आपल्या वाटेने उडू लागे. परतताना वैमानिक वायुनौकेच्या खालून येऊन, वेग जुळवून, आकडा पुन्हा झोक्याच्या दांडीत अडकवी. हे काम वैमानिकांच्या हातांत इतके बसले होते, की १९३४ साली मेकनवरील स्पॅरोहॉक विमानांची चाके काढून त्यांच्या जागी इंधनाची जादा टाकी बसविण्यात आली. जमिनीवर उतरावयाचेच नाही, तर चाके कशाला? त्याच वर्षी जुलै महिन्यात अशाच बिनचाकी विमानांनी पॅसिफिक महासागरात अध्यक्ष रूझवेल्ट प्रवास करीत असलेली ह्यूस्टन ही क्रूझर हुडकून काढली आणि तिच्यावर ताजी वर्तमानपत्रे टाकली. जमिनीपासून इतक्या दूर बिनचाकांची विमाने आली कोठून, याचे जहाजावरील मंडळींना मोठे कोडे पडले असेल!

दुर्दैवाने वायुनौकाच टिकल्या नाहीत. ४ एप्रिल १९३३ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून ॲक्रॉन समुद्रात कोसळली आणि तीवरील ७६ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. १२ फेब्रुवारी १९३५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मेकन बुडाली. त्या वेळी ८३ पैकी ८१ जण वाचले, पण तिच्या पोटातील चार स्पॅरोहॉक विमाने तळाला गेली. झोक्याने दगा दिला नव्हता. दगा दिला तो झोका धरणाऱ्या वायुनौकेने, हे येथे नमूद केले पाहिजे.

सोव्हिएत संघात व्लादिमीर वाख्मिस्त्रोव्ह या अभियंत्याने १९३१ पासून अवजड बाँबर विमानांच्या पंखांवर व पंखांखाली लढाऊ विमाने बांधून नेण्याचे प्रयोग चालविले होते. मार्च १९३५ मध्ये एक लढाऊ विमान उडत्या बाँबरखाली येऊन यशस्वीपणे जोडलेही गेले. पुढे ऑगस्ट १९४१ मध्ये याच पद्धतीने नेलेल्या विमानांनी रुमानियातील चेर्नावोडा येथील डॅन्यूब नदीवरील पुलावर हल्ले केले. पण युद्धात वापरले गेले ते केवळ सोडण्याचे तंत्र. हल्ला करून विमाने परतली, ती बाँबरच्या पंखाखाली नव्हे, तर नेहमीप्रमाणे विमानतळावर उतरली.

ब्रिटनमधील शॉर्ट-मेयो जोडविमानाची कथाही अशीच अर्धी आहे. 'माया' नावाच्या मोठ्या उडत्या नौकेच्या पाठीवर 'मर्क्युरी' हे लहान पाणविमान बसविलेले असे. इंधनाने काठोकाठ भरलेले मर्क्युरी स्वतःच्या बळावर पाण्यावरून उठूच शकत नव्हते. मात्र एकदा हवेत गेले, की तेवढे वजन ते सहज पेलीत असे. २१ जुलै १९३८ रोजी आयर्लंडमधील फॉइन्सजवळ ते मायाच्या पाठीवरून सुटले आणि अटलांटिक ओलांडून २० तास २१ मिनिटांत कॅनडातील माँट्रियलजवळ थेट पोहोचले. विमान जेवढे ओझे घेऊन उडत राहू शकते, तेवढे घेऊन ते स्वतः जमिनीवरून उठू शकेलच असे नाही. आजचा ड्रोन विमानाला उचलून नेतो, तेव्हा याच फरकाचा लाभ घेत असतो.

सोडणे सोपे, धरणे कठीण

सोडण्याचे तंत्र असे वारंवार सफल होत गेले. धरण्याचे मात्र अडत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने या बाबतीत केलेला प्रयत्न फार बोलका आहे. बाँबरच्या पोटात मावेल असे 'गॉब्लिन' नावाचे साडेचार मीटर लांबीचे छोटे जेट विमान तयार करण्यात आले. २३ ऑगस्ट १९४८ रोजी एडविन शॉक हा वैमानिक ते घेऊन बी-२९ विमानाच्या झोक्यावरून सुटला. सुटण्यात काही अडचण आली नाही. पण परत जोडावयास जवळ जाताच बाँबरच्या खालची खळबळलेली हवा त्या इवल्याशा विमानाला ढकलू लागली. अखेर ते झोक्यावर आदळले, वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे आच्छादन फुटले, त्याचे शिरस्त्राण व प्राणवायूचा मुखवटा उडून गेला, आणि त्याने कसेबसे ते कोरड्या सरोवराच्या तळावर पोटावर उतरविले. एकूण सात उड्डाणांत केवळ तीनदा जोडणी साधली आणि १९४९ साली ही योजना गुंडाळण्यात आली. त्यानंतर बी-२९ च्या पंखांच्या टोकांना दोन लढाऊ विमाने जोडण्याचा प्रयोग झाला. एप्रिल १९५३ मध्ये जोडलेले एक विमान अनावर होऊन उलटले, बाँबरच्या पंखावर आदळले आणि दोन्ही विमानांतील सर्व जण प्राणास मुकले.

असे का व्हावे? वायुनौकेचा कमाल वेग आणि स्पॅरोहॉकचा किमान वेग यांचा मेळ बसत होता आणि तिच्या खालची हवाही बरीच शांत असे. वेगवान बाँबर मात्र आपल्यामागे आणि खाली भोवऱ्यांचे जाळे सोडीत जातो. त्या जाळ्यात शिरून पुढे-मागे, वर-खाली आणि डावे-उजवे अशा तिन्ही दिशांनी एकाच वेळी अचूक जागा साधावयाची, तीही दोन्ही विमानांचे वेग तंतोतंत जुळवून. चूक झाली, तर तिची किंमत माणसाच्या प्राणांनी चुकवावयाची. एखाद्या कसलेल्या वैमानिकाला जे क्वचित साधते, त्यावर रोजचे काम उभारता येत नाही.

विमानात वैमानिक नसेल, तर या हिशेबातील सर्वांत भारी रक्कम गळून पडते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, 'ग्रेमलिन्स' या योजनेत वैमानिकरहित विमाने सी-१३० मालवाहू विमानातून पुन्हा धरण्याचा उद्योग आरंभिला. मालवाहू विमानाच्या मागे, भोवऱ्यांच्या खाली, एक जोडयंत्र दोरखंडाने सोडावयाचे आणि ड्रोनने त्याला येऊन चिकटावयाचे, अशी ही रीत होती. २०२० च्या अखेरीस केलेले नऊही प्रयत्न फसले. काही वेळा तर केवळ काही इंचांनी. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी युटा राज्यातील डगवे येथे पहिले यश आले. १९४८ साली याच अडचणीपुढे शॉकचे प्राण पणास लागले होते. येथे नऊदा अपयश आले, तरी कोणाच्या घरी तार गेली नाही.

दोर आणि आकडा

याच काळात दुसऱ्या काही मंडळींनी प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले होते. वेग जुळविण्याचा खटाटोप करावयाचाच कशाला? विमानाला येऊ द्यावे भरवेगाने, पण आदळू द्यावे अशा वस्तूवर, जी त्याला मऊपणे थोपवील. ती वस्तू म्हणजे उभा ताणलेला साधा दोर.

टॅड मॅकगियर या अभियंत्याने १९९४ साली इन्सिटू कंपनी स्थापन केली, तेव्हा तिच्यासमोर हवामानाचे निरीक्षण करणारी स्वस्त, चिमुकली विमाने होती. त्यांपैकी 'एअरोसाँड' जातीच्या एका विमानाने ऑगस्ट १९९८ मध्ये न्यूफाउंडलंडहून निघून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांपर्यंत अटलांटिक महासागर २६ तास ४५ मिनिटांत ओलांडला. अटलांटिक पार करणारे ते पहिले वैमानिकरहित विमान ठरले. त्याला चाके नव्हती. धावत्या मोटारीच्या टपावरून ते हवेत सोडले होते आणि उतरले ते पोटावर. यानंतर मासेमारी जहाजांना टुना माशांचे थवे शोधून देणारे विमान बनविण्याचा घाट घातला गेला. मासेमारी जहाजाच्या डेकवर ना मोटार धावू शकते, ना विमान पोटावर घसरू शकते. या अडचणीतून आकाशातील आकड्याची, म्हणजेच 'स्कायहुक'ची पद्धत विकसित झाली. त्या मासे शोधणाऱ्या विमानापासूनच पुढे स्कॅनईगल आले आणि पाहता पाहता ते सैन्याच्या टेहळणीत शिरले. उपयुक्त यंत्रांच्या नशिबी हे बहुधा येतेच.

स्कायहुकमध्ये सुमारे १५ मीटर उंचीच्या खांबावरून एक दोर उभा सोडलेला असतो. विमानाचे पंख किंचित मागे वळलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी आकडा असतो. दोर पंखाच्या पुढच्या कडेवर कोठेही लागला, तरी तो घसरत घसरत टोकाकडे जातो आणि आकड्यात अडकतो. विमान दोराभोवती गरकन फिरते व लोंबकळत राहते. खांबाच्या माथ्यावर आणि विमानावर उपग्रहांचे संकेत घेणारी यंत्रे असतात. त्यांच्या संकेतांवरून विमान स्वतःच दोराचा नेम धरते.

या रचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. दोर उभा असल्यामुळे विमान थोडे वर आले काय किंवा थोडे खाली आले काय, बिघडत नाही. नेम साधावयाचा तो केवळ डाव्या-उजव्या बाजूचा, आणि त्यातही पंखाच्या दीड मीटर लांबीएवढी मोकळीक आहे. गॉब्लिनच्या वैमानिकाला तिन्ही दिशांनी जे साधावे लागत होते, ते येथे एका दिशेवर आले. नेम चुकलाच, तर विमान वळसा घालून पुन्हा येते.

अर्थात ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. २० किलोग्रॅमचे विमान सेकंदाला २५ मीटर वेगाने आले आणि दोर व त्याला जोडलेल्या लवचिक बंधांनी त्याला पाच मीटर अंतरात थांबविले, तर दोरावर सरासरी सुमारे १२५ किलोग्रॅमचा ओढा येतो, म्हणजे विमानाच्या वजनाच्या सहापटींहून अधिक. विमानाचा पंख एवढ्यासाठी खास बळकट करावा लागतो. परंतु वाऱ्याच्या सामोरे उडविले, की दोराशी असलेला सापेक्ष वेग घटतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने ताशी २० किलोमीटरचा साधा वाराही मोठी मदत करतो.

खांबाच्या जागी ड्रोन

एवढे असतानाही स्कॅनईगलच्या तांड्यात दोन अवजड वस्तू उरल्याच होत्या. दाबलेल्या हवेच्या बळावर विमान गोफणीसारखे फेकणारे यंत्र ही एक आणि दोराचा उंच खांब ही दुसरी. दोन्ही वाहून न्यावयाची, जोडावयाची, त्यांना मोकळी जागा द्यावयाची. शिवाय जहाजावर खांब डेकच्या कडेशीच असतो. बाजूला जहाजाच्या लोखंडी इमारती, त्यांच्यावरून वाहताना फाटलेला वारा, आणि त्यातून भरवेगाने येणारे विमान! नेम चुकला आणि विमान विरुद्ध बाजूला वळले, तर समोर भिंतच.

ड्रोन या दोन्ही वस्तूंची जागा घेतो. उड्डाणाच्या वेळी तो विमानाला, त्याचे इंजिन चालू ठेवून, सरळ वर नेतो व मग पुढे धाव घेतो. विमानाच्या पंखांना किमान वेग मिळेपर्यंत त्याला सोडून चालत नाही. त्याखालच्या वेगात पंखांची उचल संपते आणि विमान दगडासारखे पडते. मात्र थोडी उंची हाताशी असली, तर सुटल्यावर खाली झेप घेऊन उरलेला वेग मिळविता येतो. विमान सुटताच ड्रोनवरील भार एकाएकी हलका होतो आणि तो वर उसळतो. विमान खाली जाते. दोघे आपोआपच एकमेकांपासून दूर होतात.

परतीच्या वेळी ड्रोन खांब बनतो. दोराचे वरचे टोक तो आकाशात धरतो, खालचे टोक जमिनीवर किंवा डेकवर जखडलेले असते. येथे खांबापेक्षा दोन गोष्टी अधिक साधतात. दोर कितीतरी अधिक लांब ठेवता येतो, त्यामुळे विमान ड्रोनच्या पात्यांखालील झोताच्या पुष्कळ खाली, आणि जमिनीच्या वा डेकच्या पुष्कळ वर, शांत हवेत येऊन अडकू शकते. आणि सारा प्रकार जहाजाच्या इमारतींच्या वर, मोकळ्यावर घडतो. विमान अडकले, की झटक्याचा मोठा भाग दोराच्या खालच्या टोकाची लवचिक बांधणी सोसते. ड्रोन थोडा खाली खेचला जातो, पुन्हा सावरतो आणि विमानाला हळूहळू खाली आणतो.

धोके नाहीत असे नव्हे. उचलताना ड्रोनची एखादी मोटार बंद पडली, तर इंधनाने भरलेले विमान माणसांच्या डोक्यावर येईल. ज्या सोसाट्याच्या वाऱ्यात विमान सहज उडते, त्यात ड्रोनला जागा धरणे कठीण जाते. खवळलेल्या समुद्रात डेक वर-खाली होताना दोर कधी सैल पडतो, कधी ताणला जातो. तो पात्यांत गुंतू न देणे हे ड्रोनच्या नियंत्रकयंत्रणेचे मोठेच काम आहे. आणि बॅटरी थकण्यापूर्वी विमान दोराशी पोहोचले पाहिजे. तरीही इन्सिटूने पुढे आपल्या 'इंटिग्रेटर' या बऱ्याच मोठ्या विमानासाठीही हीच जोडव्यवस्था पुढे आणली, यावरून अनुभव उत्साहवर्धक असावा असे दिसते.

या तंत्राचा पैसा बव्हंशी लष्कराकडून आला, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पण गरज केवळ लष्कराची नाही. २००९ साली बेरिंग समुद्रात मॅकआर्थर-२ या संशोधन नौकेवरून स्कॅनईगल विमाने उडवून बर्फावरील सील प्राण्यांची छायाचित्रे घेण्यात आली. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्काच्या उत्तरेकडील चुक्ची समुद्रात याच जातीच्या विमानाने जहाजावरून बर्फाची पाहणी केली. अशा समुद्रांवर वैमानिकासह विमान पाठविणे म्हणजे एका बिघाडावर माणसांचे प्राण टांगणे होय. रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या दूरच्या रुग्णालयांत टाकणाऱ्या झिपलाइन कंपनीच्या विमानांनाही चाके नाहीत; परतल्यावर दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेत शेपटीचा आकडा अडकवून ती थांबतात. तेथे पक्के तळ उभारता आले, म्हणून खांब चालले. जेथे तळच आज येथे तर उद्या तेथे असावयाचा, तेथे खांब चालत नाही.

दुसरा मार्ग

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आपल्याकडेही दिले गेले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी २००७ साली सुरू केलेल्या आणि नवी मुंबईत कार्यालय असलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचे 'स्विच' हे विमान पंखही बाळगते आणि उचलणारे चार पंखेही. ते ड्रोनप्रमाणे सरळ उठते, वर गेल्यावर पंखांवर उडू लागते आणि परतल्यावर पुन्हा सरळ उतरते. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने त्याची मागणी नोंदविली. येथे दोर नाही, दुसरे यंत्र नाही, आकाशातील भेटीची चिंता नाही. पर्वतावरील जवानाच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे. किंमत मोजावी लागते ती उड्डाणकाळात. उचलणारे पंखे सारा वेळ निरुपयोगी ओझे होऊन बरोबर राहतात, आणि स्विच सुमारे दोन तास आकाशात राहू शकते.

भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत विमान, फिरत्या पात्यांचे वाहन आणि या दोहोंचा संकर अशा तीन जाती सांगितल्या आहेत. वजनाप्रमाणे पाहिले, तर स्कॅनईगलसारखे विमान २ ते २५ किलोग्रॅमच्या 'लहान' वर्गात बसेल. पहिल्या दोन जातींची दोन वाहने काही मिनिटांपुरती एक होतात आणि पुन्हा विभक्त होतात, हा प्रकार मात्र त्या तीन जातींत सरळ बसत नाही. आपल्याकडे अशी व्यवस्था वापरावयाची झाल्यास हा मुद्दा प्रथम सोडवावा लागेल.

दोन्ही मार्गांतील स्पर्धा अद्याप मिटलेली नाही. २०२२ साली डार्पाने फेकयंत्र, खांब वा अन्य कोणत्याही साधनाविना जहाजावरून उठणारे व उतरणारे दीर्घकाळ उडणारे विमान बनविण्याची योजना हाती घेतली. तिच्यातूनच सिकॉर्स्की कंपनीने शेपटीवर उभे राहून उडणारे ५२ किलोग्रॅमचे विमान तयार केले आणि त्याने चाळीसहून अधिक वेळा उड्डाण व अवतरण केल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर केले. ते यशस्वी झाले, तर नवी विमाने त्या धर्तीवर बनतील. मात्र चाकांविना बनलेली, पंखांच्या टोकांशी आकडे असलेली विमाने आज पुष्कळ आहेत. त्यांना फेकणारे यंत्र आणि थोपविणारा खांब बाजूला सारून एक ड्रोन व एक दोर एवढेच पुरविले, तर विमानात फारसा बदल न करताही काम होते. आणि लहानशा नौकेच्या तांडेलाला आपल्या डेकवरील बरीच जागा मोकळी मिळते.